आधी नासेल ते आधी काढा: मृत रानपक्ष्याचे रेखाटन

जिवंत पक्षी फांदीवर क्षणभर टेकतो आणि त्याची चोच नीट पाहून होण्याआधीच उडून जातो. त्यामुळे रानपक्ष्यांची बहुतेक चित्रे अर्धी डोळ्याने आणि अर्धी सवयीने काढलेली असतात. पंखातली पिसे मोजलेली नसतात, बोटांची पेरे अंदाजाने घातलेली असतात, डोळा शोभेल तिथे बसवलेला असतो. मेलेला पक्षी समोर असला की या अंदाजांची गरज उरत नाही. पण तो स्थिर आहे असे मात्र समजू नका. पहिल्या काही तासांत डोळा खोल जातो, पायांचा आणि चोचीचा रंग उतरतो, देह आखडतो आणि पुन्हा सैल पडतो. पिसांची नक्षी त्या मानाने पुष्कळ टिकते. म्हणून या कामात क्रमाला सर्वांत जास्त महत्त्व आहे. जे आधी नासणार ते आधी कागदावर आले पाहिजे.

एक गोष्ट सुरुवातीलाच. चित्रासाठी पक्षी मारायचा नाही, मारवून घ्यायचा नाही आणि जखमी पक्षी मरायची वाट पाहत बसायचे नाही. इथे जे सांगितले आहे ते आपोआप सापडलेल्या मृत पक्ष्याबद्दल आहे.

कुठे शोधायचे, केव्हा शोधायचे

सर्वांत चांगल्या अवस्थेतले पक्षी मोठ्या काचांच्या खाली सापडतात. काचेत झाड किंवा आकाश उमटते, पक्षी सरळ त्यात घुसू पाहतो आणि धडकेने मरतो. पिसे शाबूत, बाहेर जखम जवळजवळ नाही, असा देह रेखाटनाला उत्तम. अमेरिकेतल्या मृत्यूंचा २०१४ साली प्रसिद्ध झालेला अंदाज सांगतो की तिथे दरवर्षी ३६.५ कोटी ते ९८.८ कोटी पक्षी इमारतींवर आपटून मरतात. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी शिकागोतल्या मॅकॉर्मिक प्लेस या एकाच इमारतीखाली एका सकाळी साडेनऊशेहून जास्त मृत पक्षी गोळा केले गेले. त्याच इमारतीखाली तिथल्या फील्ड म्युझियमचे डेव्हिड विलर्ड १९७८ पासून मेलेले पक्षी वेचून मोजत आले आहेत. त्या मोजमापांमधून अनेक जातींचे देह दशकागणिक किंचित लहान होत गेल्याचे दिसले. तुमच्या वहीतल्या मापांना किंमत आहे, ती याच कारणाने.

काचेखाली पोचण्याची वेळ म्हणजे उजाडताना. स्थलांतराच्या हंगामात रात्री उडणारे छोटे पक्षी दिव्यांकडे ओढले जातात आणि पहाटे-सकाळी आपटतात. थोडा उशीर केला तर मांजर, कावळे आणि मुंग्या तुमच्या आधी पोचलेल्या असतात. सफाई करणारेही झाडून नेतात. भिंतीला लागून चाला, कारण बरेचसे पक्षी काचेपासून काही मीटरच्या आत पडतात. कुंड्यांच्या मागे, पायऱ्यांच्या कोपऱ्यात, गटाराच्या जाळीवर आणि खालच्या मजल्यांच्या छज्जांवर पाहा. काचेवर धुरकट पिसांचा ठसा दिसला तर त्याच्या बरोबर खाली नीट शोधा.

समुद्रकिनारी वादळानंतरचे एक-दोन दिवस महत्त्वाचे. दमलेले, उपाशी समुद्रपक्षी किनाऱ्याला लागतात. भरतीने टाकलेल्या शेवाळ-काटक्यांच्या रेषेवरून ओहोटी सुरू असताना चाला, म्हणजे पाणी मागे सरकत असते आणि परतीची वाट मोकळी राहते. तेलाने माखलेला पक्षी मात्र उचलू नका. ते तेल कातडीला आणि फुप्फुसांना घातक असते आणि चिकटलेल्या पिसांतून रेखाटनाला फारसे काही मिळतही नाही.

विजेच्या खांबांखाली घारी, गरुड, घुबडे, मोठे बगळे सापडतात, कारण पंख पसरल्यावर त्यांच्या अंगाने दोन तारा, किंवा तार आणि खांब, जोडले जातात. तिथे आधी मान वर करून पाहा. तार लोंबत असेल, तुटली असेल, ठिणगी किंवा गुणगुण असेल तर मागे फिरा आणि वीज कंपनीला कळवा. रस्त्याकडेचे पक्षी बहुधा चिरडलेले असतात. वळणावर किंवा वेगवान रस्त्यावर त्यासाठी थांबू नये. बगळ्यांच्या वसाहतींखाली पडलेली पिल्ले मिळतात, पण वीण चालू असताना आत शिरलात तर घाबरून आणखी पिल्ले पडतात. म्हणून तिथे हंगाम संपल्यावरच जावे.

देह नसेल आणि नुसता पिसांचा ढीग असेल तरी तो सोडू नका. पिसे कशी निघाली आहेत ते पाहा. अख्खी, दांड्यासकट उपटलेली आणि दांड्यावर चिमटल्याची खूण असेल तर शिकारी पक्ष्याचे काम. दांडे अर्ध्यात कुरतडलेले, पिसे लाळेने गुच्छात चिकटलेली असतील तर सस्तन प्राण्याचे. असा ढीग जागच्या जागी काढता येतो आणि एकेका पिसाचा अभ्यास पूर्ण पक्ष्याइतकाच उपयोगी पडतो.

खरोखर मेला आहे का

काचेवर आपटलेला पक्षी अनेकदा फक्त बधिर असतो. दोन मिनिटे नुसते पाहा. छाती किंवा शेपटीचे बूड हलते का, पापणी मिटते का. डोळा कोरडा व धुरकट, बोटे कडक आणि मुंग्या लागलेल्या असतील तर शंका उरत नाही. शंका असेल तर तो जिवंत आहे असे धरा. हवेची भोके असलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, तळाला कापड घालून, अंधारात आणि शांत जागी ठेवा. पाणी-दाणा तोंडात घालू नका. एक-दोन तासांत सावरला तर तिथेच मोकळा सोडा. नाही सावरला तर वन्यजीव उपचार केंद्राला किंवा वनखात्याला कळवा.

हात लावण्याआधी

दोन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय देहाला हात लागता कामा नये. पहिला, याने रोग लागेल का. दुसरा, याला हात लावायला कायदा परवानगी देतो का.

बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू बदके, गल (कुरव), शिकारी पक्षी आणि कावळ्यांत वारंवार आढळला आहे. एकाच जागी तीन-चार पक्षी मेलेले दिसले, किंवा एखादा बदक वा गल मान वाकडी करून तडफडताना दिसला, तर जवळ जाऊ नका. लांबून फोटो घ्या, जागा नोंदवा आणि पशुसंवर्धन किंवा वनखात्याला कळवा. वाळलेल्या विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीतून सिटॅकोसिस हा फुप्फुसांचा आजार होऊ शकतो, विशेषतः पोपट व कबुतरांपासून. पोट बिघडवणारा साल्मोनेला हा जिवाणू असतोच. शिकारी पक्षी एखाद्या जनावराच्या मढ्याजवळ मेलेला असेल तर विषप्रयोगाची शक्यता धरा. काही कीटकनाशके कातडीतूनही शरीरात जातात. त्या देहाला हात लावायचा नाहीच, शिवाय तो गुन्ह्याचा पुरावाही असतो.

बाकी वेळी नायट्राईलचे हातमोजे आणि एन९५ मुखपट्टी पुरते. फुंकर मारून पिसे बाजूला करण्याची सवय अनेकांना असते. ती सोडा, कारण धूळ उडून सरळ नाकात येते. त्यासाठी मऊ कोरडा कुंचला वापरा. एक हात ‘घाण’ आणि एक हात ‘स्वच्छ’ ठरवून घ्या. घाण हात पक्ष्याला लागतो, स्वच्छ हात पेन्सिलीला आणि वहीला. ही साधी शिस्त मोडली की खोडरबरापासून मोबाईलपर्यंत सगळे धुवावे लागते. लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले लोक यांनी मृत पक्षी हाताळू नये, फोटोवरून काढावे.

कायद्याबाबत बहुतेक चित्रकार गाफील असतात. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे मृत सापडलेला वन्यप्राणी ही सरकारची मालमत्ता ठरते आणि तो ताब्यात आला तर ४८ तासांत पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवावे लागते. अमेरिकेत १९१८ च्या स्थलांतरी पक्षी कायद्याखाली बहुतेक देशी पक्ष्यांचे गळून पडलेले पीसही परवान्याशिवाय ठेवता येत नाही. ब्रिटनमध्ये १९८१ चा कायदा मृत रानपक्षी जवळ बाळगणाऱ्यालाच तो वैध मार्गाने मिळाल्याचे दाखवायला लावतो. म्हणून नियम एकच ठेवा: जागेवर काढा, जागेवर सोडा. घरी नेणे, गोठवणे, पिसे जमवणे हे परवाना असलेल्या संग्रहालयाचे काम. पक्षी ताजा आणि दुर्मीळ असेल तर त्यांना कळवणे हाच उत्तम मार्ग. तिथे संग्रहातल्या नमुन्यांवरून रेखाटन करायची रीतसर परवानगीही मागता येते. गोठवल्याने बर्ड फ्लूचा विषाणू मरत नाही, उलट टिकून राहतो, हेही ध्यानात असू द्या.

सोबत काय हवे

ए४ आकाराची जाड पुठ्ठ्याची वही. पेन्सिलीला १६० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन) कागद पुरतो, जलरंग लावायचे तर ३०० जीएसएमचा हवा. एच, एचबी आणि २बी पेन्सिली, ०.५ मिमीची यांत्रिक पेन्सिल, मळून वापरायचा खोडरबर. दोन टोकदार पायांचा डिव्हायडर हे या कामाचे खरे हत्यार. त्याच्याशिवाय निघू नका. १५ सेंटिमीटरची पोलादी पट्टी, दहापट भिंग, बोथट टोकांचा चिमटा, मऊ कुंचला. एक मधल्या राखाडी रंगाचा पुठ्ठा, कारण पांढऱ्या कागदावर ठेवलेला पक्षी डोळ्याला आहे त्याहून काळपट दिसतो. फोमचा एक तुकडा, काही टाचण्या, कागदाच्या अरुंद पट्ट्या. जमिनीवर पसरायला प्लास्टिक, ७० टक्के अल्कोहोल, कचऱ्यासाठी दोन पिशव्या.

पहिली पंधरा मिनिटे: डोळा, चोच, पाय

हलवण्याआधी पक्षी जसा पडला आहे तसे फोटो घ्या. मोबाईल एक मीटरवर धरून झूम करा. अगदी जवळून घेतलेल्या फोटोत जवळचे डोके फुगते आणि शेपटी आखडते. पट्टी पक्ष्याच्या शेजारी, त्याच पातळीवर ठेवा. खाली जमिनीवर ठेवलेली पट्टी आणि वर फुगलेली छाती यांत चार-पाच सेंटिमीटरचा फरक असला तर त्या फोटोतले माप खोटे येते.

मग लगेच डोळा. उष्ण हवेत काही तासांत बुबुळ धुरकट होते आणि गोळा खोबणीत बसतो. बुबुळाच्या कड्याचा रंग, बाहुलीचा आकार, पापणीच्या कडेची रंगीत कातडी, डोळ्याभोवती बारीक पिसांचे कडे आहे का, हे मोठे करून काढा: खरा डोळा ५ मिमीचा असेल तर वहीत ३० मिमीचा. पापणी मिटलेली असेल तर कुंचल्याने हळूच वर करा. पक्ष्यांची खालची पापणी मोठी असते आणि बहुतेकांत डोळा खालून वर मिटतो. पापणीखाली दुधाळ पडदा दिसला तर ती तिसरी पापणी, डोळ्याचा आजार नव्हे.

त्यानंतर उघड्या कातडीचे सगळे रंग: चोच, चोचीच्या मुळाशी असलेली मांसल पट्टी, तोंडाचा आतला रंग, पाय, नखे. हे रंग रक्तावर आणि ओलाव्यावर अवलंबून असतात. उद्या ते नसतील. रंग कालवून कागदाच्या कडेला छोटे चौकोन भरा आणि प्रत्येकापुढे जागा लिहा. ‘पिवळट’ एवढेच लिहिलेल्या नोंदीवरून नंतर रंग कालवता येत नाही. चोचीच्या कोपऱ्यात फुगीर पिवळी कातडी दिसली तर पक्षी बहुधा नुकताच घरट्याबाहेर पडलेले पिल्लू आहे, हेही इथेच टिपा.

आखडलेला देह

मेल्यावर तास-दोन तासांत छोटे पक्षी आखडायला लागतात आणि उष्ण हवेत साधारण दिवसभरात पुन्हा सैल पडतात. आखडलेला पंख जोर लावून उघडला तर खांदा ते मनगट (मिटलेला पंख पुढे जिथे वळतो तो सांधा) ताणलेला कातडीचा पडदा फाटतो आणि पंखाची पुढची कड कायमची बिघडते. त्या वेळी पक्षी आहे त्या स्थितीत काढा. मान आत ओढलेली, बोटे मुठीसारखी वळलेली, पंख अर्धवट सैल: हे मरणाचे रूप आहे आणि ते खरे आहे. मेलेल्या पक्ष्यावरून जिवंत, फांदीवर बसलेला पक्षी रचायचा मोह होतो आणि बहुतेकदा तो फसतो. जिवंत पक्ष्याची पिसे स्नायूंनी उभी-आडवी होत असतात, छाती फुगलेली असते, घोट्याचा कोन बदलत असतो. मृत देहावरून तो आकार मिळत नाही. मिळतात ती मापे, नक्षी आणि रचना. जिवंतपणा जिवंत पक्ष्याकडूनच घ्यावा.

चार्ल्स टनिक्लिफ (१९०१–१९७९) हे इंग्रज चित्रकार नेमके हेच करत. हाती आलेला मृत पक्षी ते प्रत्यक्ष आकारात, मोजून, वेगवेगळ्या बाजूंनी काढत आणि मोठ्या चित्रांच्या वेळी त्या पानांचा आधार घेत. त्यांची ती मोजून काढलेली रेखाटने वेल्समधल्या अँग्लसी बेटावरच्या ओरिएल इनिस मॉन या संग्रहालयात आहेत.

मोजून काढणे

कबुतराएवढ्या किंवा त्याहून लहान पक्ष्याला प्रत्यक्ष आकारात काढा. मोजमापाचा हिशेबच करावा लागत नाही: डिव्हायडरचे पाय पक्ष्यावर टेकवा आणि तेच अंतर कागदावर टोचा. मोठ्या पक्ष्याला नेमके अर्धे करा. ‘साधारण निम्मे’ म्हटले की शेपटीपर्यंत पोचताना चूक साचलेली असते.

पक्षी राखाडी पुठ्ठ्यावर कुशीवर ठेवा. डोळे त्याच्या बरोबर वर आणा. तिरके बसून काढले की दूरची बाजू आखूड येते आणि कागदावरचा पक्षी पोट सुटल्यासारखा दिसतो. पहिली रेघ चोचीच्या टोकापासून शेपटीच्या बुडापर्यंतच्या अक्षाची. मग फक्त हाडाला टेकलेले बिंदू टोचा: चोचीचे टोक, तोंडाचा कोपरा, डोळ्याचा मध्य, पंखाचे मनगट, पायाचा घोटा, शेपटीचे बूड. पिसे सरकतात, फुगतात, भिजून बसतात. हाडे सरकत नाहीत. हे सहा बिंदू बरोबर असले तर पिसे त्यांच्याभोवती आपोआप बसतात. एकही चुकला तर कितीही सुंदर पिसे काढली तरी चित्र लंगडे राहते.

घोट्याबद्दल खास सांगायला हवे, कारण इथे नवखे हमखास चुकतात. पक्ष्याच्या पायात मागे वळलेला जो सांधा दिसतो तो गुडघा नसून घोटा असतो. खरा गुडघा वर, पिसांच्या आत, पोटाला चिकटलेला असतो. तो कुंचल्याने पिसे बाजूला करून एकदा तरी शोधा. मांडीचे हाड पुढे जाते हे कळले की पक्ष्याचा तोल कुठे असतो ते कळते.

मापे लिहिताना कुठून कुठे हे लिहा. पंखाची लांबी मिटलेल्या पंखाच्या मनगटापासून सर्वांत लांब प्रायमरी पिसाच्या (पंखाच्या टोकाकडच्या लांब पिसाच्या) टोकापर्यंत, पिसाची नैसर्गिक वळी न दाबता. दाबून सरळ केले तर दोन-तीन मिलिमीटर जास्त भरते, म्हणून कोणत्या पद्धतीने मोजले ते नोंदवा. चोच कवटीपर्यंत मोजली की पिसांपर्यंत, तेही. टार्सस म्हणजे घोटा ते बोटांची सुरुवात. एकूण लांबी पाठीवर ठेवून, चोचीच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत. मान ओढून ताणू नका.

पंख: सर्वांत जास्त वेळ इथे द्या

जिवंत पक्ष्यात जे कधीच पुरेसे दिसत नाही आणि मृत पक्ष्यात निवांत दिसते ते पंखाची रचना. दोन तासांच्या बैठकीतला अर्धा तास तरी यालाच हवा.

पंख सैल असेल तर मनगट धरून कोपर हळूच उघडा. कोपर उघडले की मनगट आपोआप उघडते, कारण हातातली दोन समांतर हाडे ते एकत्र खेचतात. पंखाची पुढची कड देहाला काटकोनात येईपर्यंत न्या, फोमवर ठेवा आणि पिसांवर आडव्या कागदी पट्ट्या टाकून पट्ट्यांच्या टोकांना टाचण्या मारा. टाचणी पिसातून किंवा कातडीतून जाऊ देऊ नका.

आता मोजा. मनगटापुढे ‘हाताला’ असलेली लांब पिसे म्हणजे प्रायमरी. बहुतेक पक्ष्यांत दहा, काही छोट्या गाणाऱ्या पक्ष्यांत सर्वांत बाहेरचे पीस इतके खुरटलेले असते की नऊच दिसतात. मनगट ते कोपर या भागातली सेकंडरी. छोट्या गाणाऱ्या पक्ष्यांत साधारण नऊ, त्यात देहालगतची तीन म्हणजे टर्शियल. अल्बाट्रॉससारख्या लांब पंखांच्या पक्ष्यांत सेकंडरी तिसाच्या वर जातात. मनगटाच्या पुढच्या कडेला अंगठ्यावर तीन-चार ताठ पिसांचा छोटा गुच्छ असतो, तो अ‍ॅल्युला. तो विसरला तर पंखाची कड भकास दिसते.

काढताना आधी मनगटापासून कोपरापर्यंतचा हाडांचा आराखडा, मग प्रत्येक पिसाचा दांडा एकेका रेघेने. दांडे समांतर नसतात: देहाजवळचे मागे वळलेले, टोकाकडचे पंख्यासारखे फाकत जाणारे. सगळे दांडे बसल्यावरच पात्याच्या, म्हणजे दांड्याच्या दोन्ही बाजूंच्या चपट्या भागाच्या, कडा काढा. उलट केले, म्हणजे कडांपासून सुरुवात केली, तर पिसे कौलांसारखी एकसारखी येतात आणि पंख छपरासारखा दिसतो. ही या कामातली सर्वांत मोठी आणि सर्वांत वारंवार होणारी चूक.

प्रत्येक प्रायमरीचे बाहेरचे पाते अरुंद आणि आतले रुंद असते. वरून पाहताना आतल्या बाजूचे पीस बाहेरच्या पिसावर चढलेले असते, त्यामुळे वरून दिसतात ती मुख्यतः बाहेरची, अरुंद पाती. खालून पाहिले की क्रम उलटतो आणि रुंद आतली पाती दिसतात. म्हणून वरची आणि खालची बाजू वेगळ्या पानांवर काढा. एकीवरून दुसरी कल्पनेने काढता येत नाही. बाहेरच्या काही प्रायमरींच्या पात्यात मध्येच खाच असते, पाते एकाएकी अरुंद होते. ती कितव्या पिसात आणि टोकापासून किती अंतरावर आहे हे मोजा. अनेक सारख्या दिसणाऱ्या जाती याच खाचांवरून वेगळ्या ओळखता येतात.

मिटलेल्या पंखात टर्शियल सर्वांत वर, त्यांच्याखाली सेकंडरी आणि त्यांच्याखालून प्रायमरींची टोके बाहेर आलेली असतात. ही टोके टर्शियलच्या पुढे किती येतात आणि त्यांच्यातली अंतरे सारखी आहेत की वाढत जातात, हे डिव्हायडरने घ्या. दूर स्थलांतर करणाऱ्या जातींत ती बहुधा लांब येतात, जागच्या जागी राहणाऱ्यांत आखूड.

पिसे गळत-उगवत असतील तर तेही उतरवा. दोन्ही पंखांत त्याच जागी पीस नसेल तर नैसर्गिक पीसगळ. एकाच बाजूला असेल तर अपघात. अर्धवट वाढलेल्या पिसाच्या बुडाशी निळसर-राखाडी नळी दिसते. पिसावर आडवी फिकी रेघ असेल आणि ती सगळ्या पिसांत एकाच ओळीत येत असेल तर सगळी पिसे एकाच वेळी वाढत असताना पक्ष्याला उपासमार किंवा ताण पडलेला असावा. घरट्यातल्या पिल्लांत हे दिसते.

आल्ब्रेख्ट ड्यूररचे १५१२ साल घातलेले नीलपंखाच्या एकाच पंखाचे जलरंगचित्र व्हिएन्नाच्या अल्बर्टिना संग्रहालयात आहे. पूर्ण पक्षी नाही, देहापासून वेगळा झालेला एक पंख. एका पंखावर पूर्ण बैठक खर्च करायला कमीपणा वाटत असेल तर ते चित्र पाहावे.

शेपटी आणि पाय

शेपटीत बहुतेकांना बारा पिसे. कोतवाल, रातवा आणि पाकोळी यांना दहा. वरून मधली जोडी सगळ्यांच्या वर असते, खालून कडेची जोडी. टोकांची झीज काढा, ती गुळगुळीत करू नका.

पायाला जाताना एक आकडा पाठ ठेवा: मागच्या अंगठ्याला दोन पेरे, आतल्या बोटाला तीन, मधल्याला चार, बाहेरच्याला पाच. नख हे शेवटचे पेर धरून. हे कळल्यावर बोट नेमके कुठे वाकते ते कळते आणि पाय शेवयांसारखे लोंबत नाहीत. बोटांची मांडणी तपासा: बुलबुल, साळुंकीत तीन पुढे एक मागे, पोपट, कोकीळ आणि बहुतेक सुतार पक्ष्यांत दोन पुढे दोन मागे, पाकोळीत चारही पुढे वळू शकतात. रातवा आणि बगळे यांच्या मधल्या नखाच्या कडेला कंगव्यासारखे दाते असतात, भिंगाखाली मोठे करून काढण्यासारखे. घुबडाच्या सर्वांत बाहेरच्या प्रायमरीच्या पुढच्या कडेलाही अशीच झालर असते.

डोके आणि अंगावरची पिसे

डोक्यात आधी चोच, मग तोंडाची फट. ती फट मागे वाढवत नेली की डोळा तिच्या किती वर आणि तोंडाच्या कोपऱ्याच्या किती मागे आहे ते टोचता येते. डोळा पुढे सरकला की पक्षी बाहुलीसारखा दिसतो. डोळ्यामागे कानावरची पिसे सैल आणि विरळ असतात. तिथे पोत बदला.

अंगावरची पिसे सगळीकडून उगवत नाहीत. ती ठरावीक पट्ट्यांत उगवतात आणि मधली उघडी कातडी झाकून टाकतात. छातीवर कुंचला फिरवला की ही पट्टी दिसते. म्हणून अंगावर एकेक पीस काढण्यापेक्षा पिसांचा ओघ काढा: कपाळावरून मागे, खांद्यावरून पंखाकडे, छातीवरून दोन्ही बाजूंना. प्रत्येक गटातली दोन-तीन पिसे पूर्ण तपशिलाने आणि बाकीची सूचित केली तरी डोळ्याला सगळी दिसतात.

पक्षी ओला असेल तर वाळेपर्यंत अंगावरची पिसे काढू नका, तोवर पायांचे काम करा. ओली पिसे काळपट दिसतात आणि गुच्छात चिकटल्याने नक्षीच बदलते.

रंग

उजेड एकाच बाजूने, डावीकडून साधारण ४५ अंशांवर आणि सावलीतला. उघड्या उन्हात अर्ध्या तासात सावल्या सरकतात. काळा, तपकिरी आणि बहुतेक पिवळे-लाल रंग रंगद्रव्याचे असतात, ते कोणत्याही कोनातून साधारण तेच दिसतात. खंड्याचा किंवा नीलपंखाचा निळा मात्र पिसाच्या सूक्ष्म रचनेतून येतो, आणि कबुतराच्या मानेची चमक तर डोके जरा हलवले की हिरव्याची जांभळी होते. चमकत्या भागासाठी एक कोन ठरवा, पक्षी आणि स्वतः दोघेही हलू नका, आणि उजेडाची दिशा बाणाने दाखवा. दोन कोनांतले रंग एका पिसावर मिसळले की चिखल होतो. शेवटी देहाखालची सावली: जिथे अंग पुठ्ठ्याला टेकते तिथे ती सर्वांत गडद. ती नसली तर पक्षी तरंगतो.

पानावर काय लिहायचे आणि नंतर काय करायचे

तारीख, वेळ, जागा, हवा, जात, नर-मादी कळत असल्यास, वय, मृत्यूचे संभाव्य कारण, आणि सापडल्यापासून किती वेळाने कोणता भाग काढला. शेवटची नोंद बहुतेक जण करत नाहीत, पण तीन तासांनंतर रंगवलेला पाय आणि ताजा पाय यांत फरक असतो आणि वाचणाऱ्याला तो कळला पाहिजे. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर मृत पक्ष्याची नोंद ‘मृत’ अशी खूण करून टाकता येते.

पायात कडे असेल तर त्यावर कोरलेला क्रमांक आणि संस्थेचे नाव सर्व बाजूंनी फोटो काढून टिपा. कडे गोल असते, एका फोटोत पूर्ण क्रमांक येत नाही. ते कापून काढू नका. क्रमांक, तारीख, जागा आणि पक्षी कोणत्या अवस्थेत सापडला हे त्या संस्थेला कळवा.

उष्ण हवेत माश्या डोळ्यांत, तोंडात आणि गुदद्वारापाशी पहिल्या काही तासांतच अंडी घालतात आणि साधारण एका दिवसात अळ्या निघतात. पोट हिरवट दिसू लागले किंवा पिसे हात लावताच सुटू लागली की बैठक संपली. पक्षी पाणवठ्यापासून आणि रस्त्यापासून दूर, झुडपाखाली ठेवा, म्हणजे त्याला खायला येणारा प्राणी वाहनाखाली जाणार नाही. हातमोजे आतली बाजू बाहेर करत काढा, दुहेरी पिशवीत बांधा. डिव्हायडर, चिमटा, पट्टी आणि भिंगाची कड अल्कोहोलने पुसा, कुंचला साबणाने धुऊन वेगळा ठेवा आणि पुन्हा रंगकामाला वापरू नका. हात किमान २० सेकंद साबणाने धुवा. पुढचे दहा दिवस ताप, खोकला किंवा डोळे येण्यासारखे काही वाटले तर डॉक्टरांना मृत पक्षी हाताळल्याचे न विसरता सांगा.